केनियाला स्वेटर लागतो

“स्वेटर? अहो काकू, आम्ही आफ्रिकेला चाललोय, शिमल्याला नाही!”

मेधाचा आवाज माडीवरच्या माझ्या गॅलरीपर्यंत सहज पोचला. तिचा बंगला आणि काकूंचा बंगला यांच्यामध्ये मेंदीचं कमरेइतकं कुंपण आहे आणि मी काकूंचा वरचा भाडेकरू. त्यामुळे दूधवाला येऊन गेल्यापासून नळ जाईपर्यंत साताऱ्याच्या या गल्लीत जे जे बोललं जातं, ते मला न मागता मिळतं.

“शिमल्याचं मला ठाऊक नाही,” काकू म्हणाल्या. हातात पाण्याचा पाइप, नजर जास्वंदीवर. “पण जुलैतलं नैरोबी ठाऊक आहे. लेकीकडे गेले की आधी तिची शाल ओढून घेते. जुलै म्हणजे तिथला सगळ्यात थंड महिना. पहाटे दहा-बारा डिग्री आणि दिवसभर ढग.”

“पण विषुववृत्त जातं ना त्या देशातून? आमच्या ओमच्या पुस्तकात आहे.”

“सर!” काकूंनी वर न बघताच हाक मारली. मी ऐकतोय हे त्यांनी गृहीतच धरलेलं असतं. “सांगा हिला.”

माझी सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली. अशी हाक आली की माणूस कठड्याला रेलतोच.

“विषुववृत्त जातं, बरोबर आहे. पण नैरोबी सतराशे मीटरच्या आसपास वसलंय. आपलं कळसूबाई १,६४६. तू महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच शिखरावर जाऊन उभी राहिलीस, तरी नैरोबीतल्या कितीतरी बायका तुझ्यापेक्षा उंचावर पोळ्या लाटत असतील. हजार मीटर वर गेलं की साधारण साडेसहा अंश कमी होतात. मसाई माराही पंधराशेच्या वर आहे. आणि उष्ण कटिबंधाचं म्हणशील, तर तू आत्ता उभी आहेस तोसुद्धा उष्ण कटिबंधच. कर्कवृत्त भोपाळच्या जरा वरून जातं. अख्खा महाराष्ट्र त्याच्या खाली.”

“म्हणजे उष्ण कटिबंधातून निघून उष्ण कटिबंधात चाललो आम्ही?”

“हो, आणि स्वेटर घेऊन,” काकू म्हणाल्या. “एक जाड घेऊ नकोस पण. दोन पातळ घे. आत पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, वर पातळ स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. सफारीच्या गाडीचं छप्पर वर उघडतं. पहाटे सहा-साडेसहाला त्या उघड्या गाडीत उभं राहून वारा खायचा असतो. दहा वाजले की एकेक काढायचं. बाराला नुसता शर्ट. संध्याकाळी परत सगळं अंगावर. कानटोपी घे, लाजू नकोस.”

“आणि रेनकोट?”

“तिथला मोठा पाऊस मार्च ते मे आणि धाकटा ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून डिसेंबरपर्यंत. जुलै कोरडा. पाऊस इथंच आहे. त्यामुळे ट्रंकेतले स्वेटर आजच ऊन आहे तोवर बाहेर काढ. एकदा सुरू झाला की वाळायचं नाव नको, आणि कुबट वासाचा स्वेटर घेऊन विमानात बसायचं म्हणजे शेजारच्याची शिक्षा.”

इथे मला वाटलं, विषय संपला, आता कोपऱ्यावरच्या ओव्हरसियरबाईंच्या सुनेकडे वळतील. पण काकूंनी पाइप खाली टाकला. पाइप खाली म्हणजे प्रकरण गंभीर.

“ते राहू दे. लस घेतलीत का?”

“कसली? टूरवाला म्हणाला, केनियाला जाताना भारतीयांना काही लागत नाही.”

“बघा! हेच, अगदी हेच सांगितलं होतं त्या वरच्या आळीतल्या बँकवाल्यांना त्यांच्या टूरवाल्याने. आणि खोटं नव्हतं ते. जाताना केनियावाले विचारतच नाहीत. भारतातून आलेल्याला कशाला विचारतील? विचारतात ते परत येताना, आपलेच. मुंबईला उतरले आणि आरोग्यवाल्यांनी मागितलं पिवळ्या तापाचं कार्ड. ते नव्हतं. सहा दिवस पुरे होईपर्यंत दोघांना ठेवून घेतलं बाजूला. त्यांच्या मिसेसनी मला सांगितलं, अहो, दाराच्या काचेतून मुलाला हात केला मी.”

“काय सांगता!”

“मग! त्यात त्या बँकवाल्यांची मुलाखत होती बढतीची. ती गेली. म्हणजे बढती मिळणार होती की नाही देव जाणे, पण आता कायम म्हणायला झालं.”

बँकवाल्यांच्या बढतीवर मला मत नाही. पण आपलं सरकार इथे कडक का, ते मुलांना शिकवायला फार सोयीचं आहे. पिवळा ताप पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घरोघर आहे, तोच डेंग्यूचा. तो ताप मात्र आपल्याकडे नाही. बाहेरून एक आजारी माणूस आला आणि इथल्या डासाने त्याला चावून तो दुसऱ्याला दिला, तर एवढ्या दाट वस्तीच्या देशात काय होईल याची कल्पना करवत नाही. म्हणून ज्या देशांत तो ताप आहे तिथून येणाऱ्याला कार्डाशिवाय आत सोडत नाहीत. केनिया त्या यादीत आहे. हे मी वरून सांगितलं, जरा लांबलं, पण दोघींनी ऐकून घेतलं.

“आता दिवस मोज,” काकू म्हणाल्या. “टोचल्यापासून दहा दिवसांनी ते कार्ड लागू होतं. आदल्या दिवशी जाऊन टोचून घेतली तर उपयोग शून्य. आणि आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही ती. सरकारने नेमून दिलेली ठरावीक केंद्रं आहेत, मुंबईला, पुण्याला. तिथंही कुठल्याही दिवशी गेलं आणि टोचलं असं नाही. एका बाटलीत बऱ्याच जणांची लस असते आणि एकदा कालवली की सहा तासांत संपवावी लागते. म्हणून नावं नोंदवून, वार ठरवून बोलावतात. पासपोर्ट न्यायचा. कार्डावर नाव पासपोर्टावर आहे तसंच हवं, एक अक्षर इकडे-तिकडे नको.”

“मग पुढच्या वेळी परत घ्यायची?”

“पूर्वी दहा वर्षांची होती. २०१६ पासून एकदा घेतली की जन्मभराची. माझं पिवळं पुस्तक देवघरातल्या कपाटात ठेवलंय, घराच्या कागदपत्रांबरोबर. आणि केनियातून पुढे झांझिबारला जायचं ठरवलंत तरी तेच कामाला येतं, कारण केनियातून आलेल्याला टांझानियावाले विचारतात.”

तेवढ्यात मेधाच्या सासूबाई बाहेर आल्या. हातात सूप, सुपात डिंक. ही बाई प्रवासाला निघण्याच्या कितीतरी आधी लाडवांपासून सुरुवात करते.

“कसली लस म्हणताय?”

“पिवळ्या तापाची, माई. आणि तुम्ही आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा हं,” काकूंचा सूर बदलला. “साठीच्या पुढे पहिल्यांदा घेताना जपून देतात. जिवंत लस आहे. क्वचित कुणाला मोठा त्रास होतो, त्यात वयस्कर जास्त. तुमची गोळ्यांची यादी, जुनी दुखणी, कसले स्टेरॉइड चालू असतील तर ते, सगळं सांगायचं. डॉक्टर नको म्हणाले, तर केनियाचा हट्ट सोडायचा, श्रीलंकेला जायचं. तिथंही हत्ती आहेत.”

“मला सिंह बघायचाय,” माई म्हणाल्या.

“अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगावं लागतं,” मी माहिती पुरवली. “ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. माक्स थायलर नावाच्या शास्त्रज्ञाने ती तयार केली, त्याला १९५१ चं नोबेल मिळालं.”

कुंपणाच्या दोन्ही बाजूंना शांतता पसरली. माई चातुर्मास पाळतात. मेधाने वर माझ्याकडे अशी नजर टाकली, की जणू नोबेल मीच लाटलंय.

“अंड्यात?” माईंनी डिंक एकदा पाखडला. “असू दे. पिवळ्या तापाला माझं सोवळं कुठं माहीत आहे?”

लसीचा निकाल तिथेच लागला. मेधाने मोबाइल काढून पुण्याच्या केंद्राचा नंबर शोधायला घेतला.

“ई-टीए काढलंत का?” काकूंनी तेवढ्यात विचारलं. “२०२४ पासून व्हिसा बंद केलाय त्यांनी, पण त्याऐवजी हे ऑनलाइन काढावं लागतं, प्रत्येकाचं वेगळं, पोरांचंसुद्धा. सरकारी साइटवरूनच काढा. नाहीतर दुप्पट पैसे घेऊन तोच फॉर्म भरून देणारे बसलेलेच आहेत. आणि पासपोर्टाला सहा महिने तरी शिल्लक आहेत ना?”

“आहेत. बॅगा पण आणल्या काकू! बघा तरी.”

मेधा आत गेली आणि एक भलीमोठी ट्रॉली ढकलत आली. कडक कवचाची, चार चाकांची, चमकती. पारव्याच्या मानेवर असतो तो रंग. काकूंनी ती कुंपणावरून निरखली. आधी कौतुक केलं, ही त्यांची रीत.

“छान आहे. केवढ्याला? हं. नैरोबीपर्यंत ने. पुढे नको.”

“का?”

“तुम्ही माराला गाडीने जाणार का विमानाने?”

“जाताना गाडीने, येताना विमानाने.”

“मग झालंच. ते विमान म्हणजे विल्सन विमानतळावरचं पिटुकलं. माणशी पंधरा किलो आणि त्यात हातातली पर्सही आली. बॅग मऊ हवी, दाबली की दबणारी, कारण सामानाची जागा वेडीवाकडी असते. ही तुझी राणी त्यात बसणार नाही. गाडीतही मागे सहा जणांचं सामान आणि खाण्याचे डबे. नैरोबी ते मारा पाच-सहा तास, आणि जंगलात शिरलं की रस्ता दात मोजतो. चाकं कसली फिरवतेस कॅम्पच्या मातीत? एक कापडी डफल घे. मोठी बॅग माझ्या लेकीकडे ठेव, पत्ता देते. तिच्याकडेच उतरा खरं तर एक रात्र.”

“अहो नको, त्यांना कशाला त्रास.”

“त्रास कसला? चटणी पाठवायचीच आहे मला.”

काकूंच्या आदरातिथ्यात असा एक पार्सलचा धागा नेहमी असतो. पण बॅग भरायची त्यांची पद्धत मला मान्य आहे. बॅग भरून झाली की ती उचलून जिना चढायचा आणि उतरायचा. धाप लागली तर एक तृतीयांश कपडे काढायचे. हा जिना म्हणजे माझाच. त्यांच्या लेकीकडच्या प्रत्येक वारीआधी काकू बॅग घेऊन माझ्या दारापर्यंत येतात, ‘बरं आहे ना सर?’ विचारतात आणि उत्तर न ऐकता खाली जातात.

“आता प्लॅस्टिक,” काकूंनी आवाज चढवला. “माई, तुम्हीही ऐका. घरातली एकही कॅरीबॅग बरोबर न्यायची नाही.”

माईंचा हात थबकला. या घरातला सगळा संसार पिशव्यांत आहे, हे मला वरून दिसतं. दुधाच्या पिशव्या कापून, धुऊन, दोरीवर चिमटे लावून वाळत घातलेल्या असतात. त्यांतून मग चिवडा, मेतकूट, सुपारी जगभर जाते.

“केनियाने २०१७ च्या ऑगस्टमध्ये बंदी घातली. कायद्यात चाळीस लाख शिलिंगांपर्यंत दंड आणि तुरुंगसुद्धा. पाहुण्याला कुणी लगेच तुरुंगात टाकत नाही, विमानतळावर पिशव्या काढून ठेवायला लावतात. पण रांगेत सगळ्यांसमोर बॅग उघडून माईंचं मेतकूट कशात ओतणार तुम्ही?”

“मग लाडू कशात न्यायचे?”

“स्टीलच्या डब्यात. कपडे कापडी पिशव्यांत. जुन्या कॉटनच्या साडीच्या पिशव्या शिवून घ्या शिंप्याकडून, चेन लावून, एकेकाचा रंग वेगळा. माझ्याकडे आहेत, नमुन्याला देते. चपलांना एक, मळलेल्यांना एक, ओल्या टॉवेलला एक. आणि विमानतळावर ड्यूटी-फ्रीमधून काही घेतलंत तर तीही पिशवी उतरण्याआधी टाकून द्यायची. शिवाय राखीव जंगलात एकदा वापरून फेकायचं प्लॅस्टिकच चालत नाही, २०२० पासून. ती पाण्याची बाटली, स्ट्रॉ, काही नाही. माणशी एकेक स्टीलची बाटली घ्या.”

“आपल्याकडे २०१८ ला घातलीच होती की बंदी,” मेधा म्हणाली.

“घातली होती,” काकू म्हणाल्या, आणि तिघींनीही कुंपणाच्या पायाशी अडकलेल्या एका निळ्या पिशवीकडे पाहिलं.

निळ्यावरून आठवलं म्हणून की काय, पुढचा विषय रंगाचा निघाला. मेधाने चौघांसाठी नवीन जीन्स घेतल्या होत्या.

“निळं आणि काळं घालू नका जंगलात,” काकू म्हणाल्या. “त्से त्से माशी येते त्यावर. झाडीच्या भागात असते ती, टांझानियाकडे तर फारच. गोमाशीसारखी चावते आणि पातळ कपड्यातूनही चावते. आपलं डासांचं मलम तिला फारसं कळत नाही.”

“खरं की काय सर?”

“खरं आहे. तिला पकडायचे सापळेच निळ्या-काळ्या कापडाचे करतात. तुझी जीन्स म्हणजे चालता सापळा.” निद्रारोग तिच्यामुळे होतो, पण प्रवाशांना तो फार विरळा, म्हणून मी तो शब्द उच्चारला नाही. माई आधीच अंड्यातून सावरत होत्या.

“मग कोणता रंग?”

“मातकट. खाकी, बदामी, मेंदी, करडा. पांढरंही नको, तासाभरात लाल मातीचं होतं. पुरुषांचं बरं असतं, त्यांचे सगळे कपडे मुळात त्याच रंगाचे. माई, तुम्ही पंजाबी ड्रेस घाला हं. ती गाडी उंच असते. पायरीवर पाय टाकून, दांडा धरून चढायचं, साडीत त्रेधा होते.”

“घालते की. कुल्लूला घातला होता.”

“आणि ओढणी मात्र न्याच. सुती, मोठी. धूळ आली की नाकावर, ऊन आलं की डोक्यावर, गार झालं की कानावर. थंड आहे म्हणून उन्हाला फसू नका. विषुववृत्तावरचं आणि त्यात उंचीवरचं ऊन, ढगातूनही भाजतं. काठाची टोपी घ्या, गळ्यात दोरी असलेली. सनस्क्रीन आधी लावायचं, डासांचं मलम त्याच्यावर. उलट नाही.”

मग काकूंनी आवाज खाली आणला. मी पेपर वर धरला. तरी जे ऐकू आलं ते असं, की बऱ्याच कॅम्पांत कपडे धुऊन देतात, पण आतले कपडे घेत नाहीत, तेव्हा साबणाची वडी आणि दोरी बरोबर ठेवायची. आणि पहाटे निघताना चहा अर्धाच कप घ्यायचा, कारण जंगलात गाडीतून उतरायला बंदी असते आणि नदीकाठी जनावरांची वाट बघत दोन-दोन, तीन-तीन तास जातात. लाजून गप्प बसायचं नाही, ड्रायव्हरला सांगायचं, तो बघून-सवरून मोकळी जागा शोधतो. हा सल्ला कुठल्याही छापील माहितीपत्रकात मी वाचलेला नाही आणि तो बाकीच्या सगळ्यांपेक्षा उपयोगी आहे असं माझं मत.

“पण दिसतील ना हो नक्की? ते नदी ओलांडणारे?” मेधाने विचारलं. “त्याच्यासाठीच तर जुलै धरला.”

“कळप असतात. दहा लाखांच्या वर विल्डबीस्ट, शिवाय झेब्रे. साधारण जुलैत टांझानियातून माराकडे येतात, ऑक्टोबरपर्यंत असतात. पण नदी कधी ओलांडायची ते ठरवणार तेच. माझ्या जावयाने सकाळपासून कॅमेरा रोखून धरला होता. पुढचा एक काठापर्यंत आला, पाणी हुंगलं आणि मागे वळला. त्याच्यामागे सगळे वळले. जावई म्हणाला, अगदी आमची सोसायटीची मीटिंग. तेव्हा दुर्बिणी न्या. माणशी एक. चौघांत एक नेली तर सिंह एकाच्या डोळ्याला आणि भांडण बाकीच्यांच्या वाट्याला.”

माई डिंक घेऊन पायरीवर टेकल्या होत्या. त्यांचा प्रश्न तयार होता.

“खायचं काय? मी तर म्हणते दशम्या, खाकरे, चिवडा, लाडू, थोडं थालीपिठाचं पीठ...”

“माई, तिथं चहा आणि चपाती मिळते. तिथली माणसंच खातात. रेल्वे बांधायला इंग्रजांनी इथून तीसेक हजार माणसं नेली होती, त्यांच्यामागून आपले दुकानदार गेले, गुजराती तर कितीतरी. नैरोबीत पार्कलँड्सला गेलं की डोळे मिटून गुजराती थाळी. २०१७ मध्ये तर त्यांच्या सरकारने तिथल्या भारतीय लोकांना देशाची चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्र मंडळही आहे. कॅम्पवर आधी कळवलं की शाकाहारी देतात, कांदा-लसूण नको असेल तर तेही कळवा. तुम्ही एक डबा लाडू आणि एक डबा चिवडा न्या, बास.”

“दोन डबे लाडू,” माई म्हणाल्या.

“न्या. पण तंबूत उघडे ठेवू नका. माकडं येतात. तिथली माकडं तंबूची चेन उघडतात. बबून तर दार ढकलून आत. डबा बंद आणि शक्यतो कॅम्पवाल्यांच्या स्वयंपाकघरात ठेवायला द्यायचा. पलंगावर लाडू ठेवून जेवायला गेलात, तर परत येईपर्यंत लाडू नाही, उशी नाही आणि तंबूही धड नाही.”

“आणि ते तुळशीचं रोप?” मेधाने सासूबाईंकडे बघत विचारलं. माईंच्या भाचीने नैरोबीत मागवलं होतं म्हणे.

“छे! रोप, बी, माती, परवान्याशिवाय काही नाही. तिथंच कुणाकडून तरी मिळेल.”

नळाचा आवाज बारीक झाला होता. काकूंनी तोटी बंद केली आणि गती वाढवली. आपल्याकडची पिन तिथं चालत नाही, तीन चौकोनी पायांची इंग्लंडसारखी लागते, दोन अ‍ॅडॅप्टर घ्या. कॅम्पवर वीज ठरावीक वेळेलाच असते, पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकलेली चालत नाही. डॉलर न्याल ते नव्या छपाईचे, न दुमडलेले, न फाटलेले. जुन्या नोटा तिथं हातात घेत नाहीत. बाकी सगळीकडे एम-पेसा. २००७ पासून मोबाइलवरून पैसे देतात तिथली माणसं, मक्याचं कणीस विकणारासुद्धा.

“मोठी गोष्ट राहिली,” काकू म्हणाल्या. “मलेरिया. नैरोबीत फारसा नाही, पण माराला आणि समुद्राकडे आहे. डॉक्टर गोळ्या देतील. एक प्रकार परत आल्यावर आठवडाभर घ्यायचा, दुसरा चार आठवडे. घरी आलो, आता कशाला, म्हणून सोडायच्या नाहीत. दुसऱ्या प्रकाराने ऊन लवकर लागतं, ते डॉक्टरांना विचारून घे. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत, पिवळ्या तापाचा दिवसा. म्हणजे सुट्टी कुणालाच नाही. मलम लाव, पूर्ण बाह्या घाल, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोच. माईंच्या बी.पी.च्या गोळ्या हातातल्या पर्समध्ये, चिठ्ठीसकट. इलेक्ट्रॉलच्या पुड्या. आणि विमा असा काढ, की आजारी माणसाला जंगलातून विमानाने नैरोबीला आणायचा खर्च त्यात असेल. १९५७ पासून तिथं डॉक्टरांची विमानंच आहेत, पण ती फुकट उडत नाहीत.”

मेधा मोबाइलवर लिहून घेत होती. मध्येच तिने मान वर केली.

“काकू, आल्यावर काही त्रास नाही ना मग?”

“आल्यावर पुढच्या काही महिन्यांत कुणालाही ताप आला, तर दवाखान्यात पाय टाकल्या टाकल्या सांगायचं, केनियाला जाऊन आलोय, मलेरियाची तपासणी करा. आपल्या पावसाळ्यात प्रत्येकाला ताप असतो. डॉक्टर व्हायरल म्हणून गोळी देऊन मोकळे होतात, त्यांचं काय चुकलं? तुम्ही सांगितलं नाहीत तर त्यांना कसं कळणार? तिकडचा मलेरिया बहुतेक मेंदूवर जाऊ शकणाऱ्या जातीचा असतो. दोन दिवस वाट बघू, असं त्यात चालत नाही.”

“मी सांगेन,” माई उठत म्हणाल्या. “मी तर न विचारताच सगळ्यांना सांगणार आहे केनियाला गेले होते म्हणून.”

पुण्याचा फोन लागला. मेधाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. हो, चार जण. हो, एक ज्येष्ठ. पासपोर्ट आहेत. गुरुवार? गुरुवारी ओमची चाचणी आहे. मग पुढचा मंगळवार चालेल. तिने तारखा बोटांवर मोजल्या. काकूही मोजत होत्या. मी कॅलेंडरात बघितलं. निघायला त्यानंतर चांगले तीन आठवडे होते.

“चालेल,” तिघांनीही एकदम सांगितलं.

फोन ठेवून मेधा म्हणाली, “काकू, तुम्हाला काय आणू तिकडून? मसाई लोकांचे ते मण्यांचे हार मिळतात ना?”

“ते ओव्हरसियरबाईंना आण, घालतील त्या आणि दाखवत फिरतील. मला कॉफी आण. न दळलेली, डबल ए लिहिलेली असते पाकिटावर. आणि सरांना?”

“मला काही नको,” मी म्हणालो.

“त्यांनाही कॉफीच आण,” काकू म्हणाल्या. “येतात रोज दहा वाजता खाली, साखर संपली म्हणून.”